ईरी सरोवराचे हिरवे संकट

उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांत ईरी हे सर्वांत उथळ. त्याच्या पश्चिम भागाची सरासरी खोली अवघी ७ मीटरांच्या आसपास असल्याने तेथील पाणी उन्हाळ्यात लवकर तापते. आणि मॉमी नदी शेतांतील स्फुरद नेमके तेथेच आणून ओतते. ऊब आणि खत दोन्ही लाभल्यावर नीलहरित शेवाळास आणखी काय हवे?

हे दुखणे जुनेच. १९६० नंतरच्या दशकात ईरी सरोवर मृत झाले, असे लोक उघड बोलू लागले होते. १९७२ साली अमेरिका व कॅनडा यांनी करार करून सांडपाण्यातील स्फुरदास आवर घातला आणि सरोवर सावरले. परंतु १९९० नंतरच्या दशकात शेवाळ परतले. या खेपेस त्याचे मुख्य पोषण शेतांतून वाहून येणाऱ्या खतावर होते.

त्यावर पाळत ठेवण्याचे काम पुढे उपग्रहांकडे आले. या शेवाळातील निळे रंगद्रव्य ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश शोषून घेते. असे सूक्ष्म रंगभेद टिपणारे 'मेरिस' हे उपकरण २००२ साली युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहातून आकाशात गेले. २०१२ च्या एप्रिलमध्ये त्या उपग्रहाशी संपर्क तुटला. २०१६ साली सेंटिनेल-३ ने त्याची जागा घेतली. दरम्यान 'मोडिस' या उपकरणावर भागवावे लागले. २०१२ पासून अमेरिकेची 'नोआ' ही संस्था मॉमीतून वाहून आलेल्या स्फुरदावरून त्या उन्हाळ्यातील शेवाळाचे भाकीतही वर्तवू लागली.

या विद्येची मर्यादा २०१४ च्या ऑगस्टमध्ये दिसली. त्या वर्षीचे शेवाळ २०११ च्या मानाने थोडे होते. पण ते टोलेडो शहर जेथून पाणी घेते तेथेच साचले. नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे विष आढळले आणि सुमारे चार लाखांहून अधिक लोकांना ते न पिण्याचा आदेश निघाला. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही.

उपग्रहाला शेवाळाचा रंग दिसतो, विष दिसत नाही. ढग आले की रंगही दिसेनासा होतो. म्हणून पाण्याचे नमुने तपासणे सुटत नाही. संकटाची पूर्वसूचना आकाशातून मिळेल. त्याचे निवारण मात्र मॉमीकाठच्या शेतांतच करावे लागेल.