रानडुकरांसाठी लुकलुकता एलईडी दिवा : घरच्या लाईटवर जोडताना एवढं बघाच

मका, भुईमूग, हरभरा भरात आला की रानडुकरांचे कळप रात्री शिवारात उतरतात. रोज राखणीला जाणं जमत नाही म्हणून अनेक जण एलईडी पट्टी आणून बांधावर उघडझाप करणारा दिवा लावतात. जनावर काही दिवसांत त्याला सरावतं, त्यामुळे दिव्याची जागा बदलत राहावी लागते. तरी खर्च कमी असल्याने हा जुगाड बऱ्याच ठिकाणी दिसतो. धोका दिव्यात नाही, तो लाईटवर जोडण्याच्या पद्धतीत आहे.

पांढऱ्या एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट आणि २० मिलीअँपिअर लागतात. दुकानात मिळणारी पट्टी बहुतेक १२ व्होल्टची असते. घरच्या बोर्डात मात्र २३० व्होल्ट, आणि एसी करंट असल्याने तो क्षणोक्षणी ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. हे व्होल्ट कशाने कमी करायचे, इथेच खरी मेख आहे.

जुन्या बल्बची प्लेट वापरू नका

पोरं बंद पडलेल्या एलईडी बल्बची किंवा स्वस्त माळेची प्लेट काढतात आणि तिच्यावर पट्टी पेटवतात. अशा बऱ्याच प्लेटांत ट्रान्सफॉर्मर नसतोच, एक कपॅसिटर करंट रोखून धरतो. १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून साधारण ७० मिलीअँपिअर जातात, तेवढ्यावर एलईडी छान पेटतात. दोन तारांमध्ये मीटर लावला तर व्होल्टही कमी दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण मीटर फक्त त्या दोन तारांमधला फरक दाखवतो. तार आणि जमीन यांच्यात किती आहे ते दाखवत नाही. त्यातली एक तार थेट फेजवर असू शकते. दोन पिनांचा प्लग उलटा घातला की फेजची बाजूही बदलते. ओल्या रानात अनवाणी उभं राहून पट्टीला हात लागला, तर झटका १२ चा नाही, २३० चा बसतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ चार्ज राहतो, ते वेगळंच.

अडॅप्टर घरात, रानात फक्त १२ व्होल्ट

सेट टॉप बॉक्सला किंवा वायफायला असतो तसा १२ व्होल्ट डीसी, २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्यावा. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे बोर्डाची तार आणि पट्टीची तार यांचा थेट संबंध येत नाही. अडॅप्टरवर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर-’ ने सुरू होणारा नंबर बघा. चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर तो डबल इन्सुलेशनचा. वजनाला अगदी पोकळ लागणारा, नाव-गाव नसलेला अडॅप्टर दहा-वीस रुपये वाचवायला घेऊ नये.

अडॅप्टर घरात, कोरड्या जागी ठेवायचा आणि तिथून १२ व्होल्टची केबल रानात न्यायची. उंदराने केबल कुरतडली तरी उघडे पडतात ते १२ व्होल्टच. ६० एलईडीची ५०५० पट्टी मीटरला सुमारे १.२ अँपिअर ओढते, म्हणून २ अँपिअरच्या अडॅप्टरवर एकच मीटर लावावी.

लांब अंतरावर मात्र व्होल्ट गळतात. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन तारांची केबल ५० मीटर नेली, तर १ अँपिअरला पावणेदोन ते दोन व्होल्ट वाटेतच जातात. १०० मीटरला पट्टी मिणमिणती होईल. तिथे जाड केबल नाहीतर २४ व्होल्टचा अडॅप्टर आणि २४ व्होल्टचीच पट्टी लागते.

उघडझापीसाठी दुचाकीच्या एलईडी इंडिकेटरचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर १२ व्होल्टवर चालतो. जुन्या बल्बवाल्या इंडिकेटरचा फ्लॅशर एवढ्या कमी लोडवर नीट चालत नाही. ज्याला सोल्डरिंग येतं त्याने ५५५ आयसी वापरावी : १० के, ६८ के आणि १० मायक्रोफॅरड घेतले की सेकंदाला साधारण एक उघडझाप होते. पट्टीचा लोड आयसीवर न देता मॉसफेटवर द्यावा. साध्या ५५५ ला १६ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणजे २४ व्होल्टच्या जोडणीत तिला वेगळा रेग्युलेटर हवा.

सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा दिवा नको. अशा झगमगाटाने काही मिरगीच्या रुग्णांना झटका येऊ शकतो. दिव्याचं तोंडही रस्त्याकडे नसावं, मोटरसायकलवाल्याचे डोळे दिपतात.

घराच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असली पाहिजे. एमसीबी ओव्हरलोडला पडते, माणसाला करंट लागला म्हणून पडेलच असं नाही.

आणि मोटारीच्या स्टार्टर पेटीतून एक फेज घ्यायचा, दुसरी तार जमिनीत रोवलेल्या सळईला, असला दिवा कुठे लावला असेल तर तो आजच काढा. सळईचा जोड सैल झाला किंवा जमीन सुकली की ती सळईच जिवंत होते, आणि तिला आधी हात लागतो तो बहुतेक घरातल्याच कुणाचा.