मेना हाउसची हिरवळ

गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशी 'मेना हाउस' हे जुनं हॉटेल आहे. मूळ वास्तू इजिप्तच्या खेदिव इस्माईलचं शिकारीसाठीचं विश्रामगृह. देशाला युरोपच्या पंगतीत बसवण्याच्या ध्यासात त्याने अफाट कर्ज काढलं. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनला सुमारे ४० लाख पौंडांना विकावे लागले, १८७९ मध्ये गादी गेली, १८८२ मध्ये ब्रिटिश फौज उतरली. १८८६ मध्ये विश्रामगृहाचं हॉटेल झालं.

थंडी चुकवायला युरोपातले श्रीमंत दर हिवाळ्यात येऊ लागले. दिवसा गोल्फ, संध्याकाळी चहा, समोर पिरॅमिड. वाळवंटाच्या कडेला हिरवळ राखायची तर पाणी हवं आणि राबणारे हातही. पाहुण्यांची नावं इतिहासात राहिली, त्या हातांची नाहीत. कर्जफेडीचा भार तर फेलाहांवर, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांवर, आधीपासूनच होता.

मुस्लिम राजवटींच्या महालांचा आपण अभिमान बाळगतो आणि ते गेल्याचा दोष इंग्रजांना देतो. तो दोष खराच आहे. पण महाल कुणाच्या पैशावर उभा राहिला, हेही विचारायला हवं, असं मला वाटतं. मालक बदलला; शेतकरी मात्र दोन्ही काळांत दाराबाहेरच होता.