लाल शिक्क्याआडची पगडी

परळच्या आमच्या चाळीतल्या खोलीत वडिलांची एक ट्रंक होती. तिच्यात भाडेपावत्यांचे पुडके आणि 1983 सालचा, नोटरीच्या लाल शिक्क्याचा एक स्टॅम्प पेपर. मूळ भाडेकरू गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात त्यांचे काम गेले, आणि खोली वडिलांना देऊन ते गावी परतले. कागदावर मात्र ‘खोली सांभाळण्यासाठी नातेवाइकास ठेवले आहे’ असा मजकूर. आम्ही त्यांचे नातेवाईक नव्हतो, आणि मोजून दिलेल्या पगडीचा त्यात शब्दही नव्हता.

हे खोटे का लिहावे लागले, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सर्वसाधारणपणे सप्टेंबर 1940 चे भाडे प्रमाण मानले. महागाई वाढली, भाडे जागच्या जागी राहिले आणि खोलीची खरी किंमत पगडीत उतरली. पण पगडी घेणे त्याच कायद्याने गुन्हा ठरवले होते, मालकाला आणि भाडेकरूलाही. कामगाराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार असा कागदाबाहेरच राहिला.

मग शिक्का कशाचा? 1952 च्या कायद्याखालचा नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवून घेतो, सही आपल्यासमोर झाल्याचे नोंदवतो. खोलीवर हक्क कोणाचा, हे तो ठरवत नाही. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी वेगळी. आमच्या चाळीत मात्र शिक्का उमटला की कागद पक्का, अशीच समजूत.

1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. कलम 56 ने पगडीला मान्यता दिली. कलम 55 ने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले. वडिलांनी गावी पत्र टाकले. काका एसटीने आले. पावती अजून त्यांच्याच नावाची होती. पुन्हा पैसे मागितले असते तर वडिलांजवळ उत्तर नव्हते. काका एवढेच म्हणाले, “अण्णा, तुमचं तुम्हाला.” मालकाने आपला हिस्सा घेऊन संमती दिली, करार नोंदला गेला, पावतीवर वडिलांचे नाव चढले.

आज पुनर्विकासासाठी मी त्या पावत्या लावतो आहे. तो स्टॅम्प पेपर जोडायचे कारण नाही, पण टाकवतही नाही. गिरणगावचा इतिहास अशा कागदांवरून लिहिणाऱ्याने मजकुरावर विसंबू नये. या कागदातला मजकूर खोटा होता. खाली सह्या करणारे दोघे मात्र सतरा वर्षे शब्दाला जागले.