रेफरलच्या आकड्यांमागचं जग

छळ सोसून आलेल्यांवर उपचार करणाऱ्या ब्रिटनमधल्या एका संस्थेकडे काही वर्षं सर्वाधिक माणसं श्रीलंकेतून आलेली होती. यावरून तुम्ही काय निष्कर्ष काढाल? त्या काळात जगात सगळ्यात जास्त छळ श्रीलंकेत होत होता? माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे आकडा दिसला की पहिला प्रश्न पडतो तो हा, की हा नमुना जमला कसा?

आधी थोडा इतिहास. हेलन बँबर १९४५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मदतकार्यासाठी बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत गेल्या होत्या. पुढे १९७३ मध्ये चिलीत लष्करी उठाव झाला, आणि तिथून निसटलेल्यांच्या अंगावरच्या खुणा तपासून नोंदवणाऱ्या डॉक्टरांचं काम ब्रिटनमध्ये सुरू झालं. या कामातूनच बँबर यांनी १९८५ मध्ये एक स्वतंत्र संस्था काढली. आज ती ‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’ या नावाने ओळखली जाते. तिथे माणसं पाठवतात ते वकील, डॉक्टर, समाजसेवक आणि इतर संस्था. या पाठवणीला म्हणतात रेफरल.

आता रेफरलच्या यादीत नाव येण्याआधी काय काय घडावं लागतं ते बघा. माणूस कोठडीतून जिवंत सुटला पाहिजे. देशाबाहेर पडायला पैसा आणि वाट हवी. ब्रिटनला पोचून आश्रयाचा अर्ज केला पाहिजे. मग जे घडलं ते कुणाला तरी सांगायचं धैर्य हवं. लैंगिक अत्याचार झाला असेल तर बायकाच काय, पुरुषही वर्षानुवर्षं गप्प राहतात. ऐकणाऱ्याला ही संस्था माहीत हवी. आणि शेवटी संस्थेकडे जागा हवी.

म्हणजे चाळणीवर चाळणी. त्यामुळे रेफरल कमी झाले म्हणून छळ कमी झाला असं म्हणता येत नाही. ब्रिटनमधले आश्रयाचे अर्ज २००२ मध्ये सुमारे ८४ हजार होते, २०१० मध्ये सुमारे १८ हजार. जग तेवढ्या पटीने सुरक्षित झालं होतं का? नाही. व्हिसाचे नियम आणि सीमेवरची तपासणी कडक झाली, हेही त्यामागचं मोठं कारण होतं.

मग असा आकडा बिनकामाचा का? इथेच श्रीलंकेचं उदाहरण महत्त्वाचं आहे. मे २००९ मध्ये तिथलं यादवी युद्ध संपलं. युद्ध संपलं म्हणजे धोका संपला, असा सोयीचा हिशेब मांडता आला असता. पण संस्थेकडे येणाऱ्या तमिळ माणसांच्या कहाण्यांमधल्या तारखा वेगळंच सांगत होत्या. अटक आणि छळ युद्धानंतरचा होता. काही जण तर ब्रिटनमध्ये राहून मायदेशी परतले होते आणि तिथे पकडले गेले होते. २०११ मध्ये संस्थेने अशा ३५ प्रकरणांचा अहवाल काढला, २०१५ मध्ये १४८ प्रकरणांचा.

ही नुसती ऐकीव माहिती नव्हती. १९९९ च्या ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’नुसार डॉक्टर प्रत्येक व्रण तपासून तो सांगितलेल्या छळाशी किती जुळतो हे पाच पायऱ्यांवर नोंदवतात. ‘जुळत नाही’ हीसुद्धा त्यातली एक पायरी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

परिणाम कोर्टात दिसला. फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने तमिळ अर्जदारांची श्रीलंकेला होणारी पाठवणी तात्पुरती थांबवली. जुलैमध्ये न्यायाधिकरणाने मान्य केलं, की तिथे सुरक्षा दलांनी ताब्यात घेतलेल्या माणसाला छळाचा खरा धोका आहे. मात्र परतणाऱ्या प्रत्येक तमिळाला धोका आहे, हे त्याने मानलं नाही.

म्हणून असा आलेख समोर आला तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘किती जणांचा छळ झाला?’ याचं उत्तर रेफरल देत नाहीत. ‘अजून छळ होतो आहे का, कुणाचा, कधीपासून?’ याचं मात्र देऊ शकतात. ‘आता तिथे असं काही होत नाही’ या दाव्याला खोटं ठरवायला नीट तपासलेली ३५ प्रकरणंही पुरतात. आणि विमानात बसवल्या जाणाऱ्या माणसासाठी सगळं त्या एका दाव्यावरच अवलंबून असतं.