थोर वादक कोणता ?

महाडजवळ सावित्री नदीच्या कांठीं सव नांवाचें आमचें लहानसें गांव आहे. तेथील ऊन पाण्याच्या झऱ्यांवर सांधे धरलेले आणि माझ्यासारखे पेन्शनींत निघालेले पुष्कळ लोक येतात. स्नान आटोपलें कीं सावलींत बसून वाद घालणें हा या मंडळींचा दुसरा उपचार होय. राजकारणाचा कंटाळा आला म्हणजे वाद गाण्याबजावण्याकडे वळतो. तबल्यांत थोर कोण ? पेटींत कोण ? सनईंत कोण ? एकजण थिरकवांचें नांव घेतो, दुसरा खाप्रुमामांचें, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत निकाल लागत नाहीं.

असला वाद निरर्थक असतो असें मी म्हणणार नाहीं. ज्याचें आपणांस प्रेम असतें त्याच्यासाठींच आपण भांडतों. परंतु हा वाद घालतांना आपण कोणते पुरावे समोर ठेवतों आणि कोणते मुळींच मागवीत नाहीं, याचा विचार झाला पाहिजे. तोच आज आपणांसमोर मांडावयाचा आहे.

प्रथम मृदंगाचें, म्हणजे पखवाजाचें, उदाहरण घेऊं. महाडहून पोलादपुरास यावें, आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर व पांचगणी ओलांडावी, म्हणजे खालीं वाई लागते. वाईजवळील बावधन हें नाना पानशांचें गांव. कीर्तनाच्या साथीपासून आरंभ करून हा पुरुष एकोणिसाव्या शतकांत इंदूरच्या होळकर दरबारापर्यंत पोहोंचला. उत्तरेंत कुदऊसिंगांचें नांव जसें घेतात, तसें दक्षिणेंत व माळव्यांत पानशांचें. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न जुने लोक मोठ्या चवीनें चघळीत असत. पण हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण सुरू झालें तें १९०२ सालीं, आणि पानशांचा एकही बोल तबकडीवर उतरलेला नाहीं. मग त्यांचें मोठेपण आपणांस कळतें कशावरून ? तें कळतें शिष्यांवरून. सखारामपंत आगळे, त्यांच्यामागें अंबादासपंत आगळे, तसेच गोविंदराव बुऱ्हाणपूरकर, अशी परंपरा त्यांच्या नांवानें चालली व आजही ‘पानसे घराणें’ म्हणून ओळखली जाते. ज्याचा हात कोणी ऐकला नाहीं, त्याचा हात शिष्यांच्या हातांत ऐकूं येतो. वादांतील हा पहिला पुरावा मी मानतों.

आतां तबल्याकडे येऊं. अहमदजान थिरकवा हे मूळचे मुरादाबादचे, मुनीरखांसाहेबांचे शागीर्द. महाराष्ट्रानें त्यांना ओळखलें तें मात्र गंधर्व नाटक मंडळींत. ज्याच्या स्वतंत्र वादनानें जाणत्यांच्या माना डोलाव्यात असा हा कलावंत बालगंधर्वांच्या पदामागें ठेका धरून बसे. पदापुढें एक पाऊलही टाकीत नसे. पुढें १९७० सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें व १९७६ सालीं ते निवर्तले. दुसऱ्या बाजूस गोव्याचे खाप्रुमामा पर्वतकर. सारंगी आणि तबला हीं दोन्ही वाद्यें त्यांच्या हातचीं होतीं, पण त्यांची खरी कीर्ति लयीच्या हिशेबाची. हातापायांनीं निरनिराळे ताल एकाच वेळीं धरून ते समेवर चूक न करतां येत. ‘लयभास्कर’ ही पदवी त्यांस शोभून दिसली. १९५३ सालीं ते गेले.

या दोघांत श्रेष्ठ कोण ? माझें उत्तर असें कीं, दोघांचें काम एक नव्हतें. एकानें तबल्याचा नाद व रचना यांस अपूर्व तेज आणलें. दुसऱ्यानें काल मोजण्याची मानवी शक्ति कोठवर जाते तें दाखविलें. धान्य मापण्याच्या पायलीनें कापड मोजूं गेल्यास दोष कापडाचाही नाहीं आणि पायलीचाही नाहीं.

दुसरी गोष्ट साथीची. आपल्या संगीतांत बहुतेक वादकांचें आयुष्य दुसऱ्याच्या गाण्यामागें गेलें आहे. कादरबक्षांच्या सारंगीचा बालगंधर्वांच्या गायनांत केवढा वांटा होता, हें जुन्या रसिकांनीं मुक्तकंठानें सांगितलें आहे; पण जाहिरातींत टाइप मोठा कोणाच्या नांवाचा असे, हें सांगणें नको. सारंगियाची बैठक कलावंतिणींच्या माडीवर असे, म्हणून सभ्य समाज त्याच्या सुरांना मान देई आणि माणसाला देत नसे. पंडित रामनारायण १९४९ सालीं मुंबईस आले व १९५६ पासून त्यांनीं सारंगीचें स्वतंत्र वादन मैफलींत मांडण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें हें वाद्य मागची जागा सोडून पुढें आलें. ते २०२४ सालीं निवर्तले. परंतु त्यांच्या आधीं कैक पिढ्या जे मागें बसून वाजवीत होते, त्यांना आपण कोणत्या यादींत घालणार ?

पेटीची कथा तर याहून चमत्कारिक. तेथें वादकाच्या अगोदर वाद्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें गेलें. तिचे स्वर कायमचे बांधलेले, तिच्यावर मींड निघत नाहीं, श्रुति साधत नाहींत, अशा कारणांस्तव १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती सुमारें तीस वर्षें टिकली. त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे ऐकणाऱ्यांस गळ्याचा भास करून देत. १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या. १९५५ सालीं ते वारले तेव्हांही बंदी उठलेली नव्हती. बंदीचीं कारणें शास्त्रदृष्ट्या अगदींच खोटीं होतीं असें नाहीं; पण वाद्याचे दोष ज्याच्या हातीं नाहींसे होतात त्याचीच थोरवी आपण मानतों, हें त्या विचारांत सुटून गेलें.

आतां सनई. बिस्मिल्लाखांसाहेबांनीं तिला देवळाच्या व लग्नाच्या दारांतून उचलून मैफलीच्या मध्यभागीं बसविलें. २००१ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. पण कोंकणांत सनई वाजविणारीं घडशी आणि गुरव यांचीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडास वीरेश्वराचा छबिना भरतो. गांवोगांवच्या देवांच्या पालख्या व सासणकाठ्या येतात आणि खालूबाजाचे ढोल व सनया रात्र जागवितात. त्या सनईवाल्यांपैकीं एकाचेंही नांव आमच्या वादांत निघालेलें मीं ऐकलेलें नाहीं.

आणि ढोल, डफ, हलगी वाजविणाऱ्यांचें काय ? मृदंगालाही कातडें असतें आणि ढोलालाही. मृदंग कीर्तनांत देवापुढें मानानें बसला. ढोल-हलगी मात्र महार-मांग मंडळींकडे गांवकीचें काम म्हणून आली. वाजविणाऱ्यास मूठभर धान्य व वर अपमान मिळाला. याच महाडांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोकांस चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. ज्यांना तळ्यावर ओंजळ भरूं दिली नाहीं, त्यांना मैफलीच्या जाजमावर कोण बसवून घेणार होतें ? पुढें पुष्कळ गांवांत या मंडळींनीं असलें मानहानीचें वाजविणें सोडून दिलें, आणि तें योग्यच केलें. दुःख एवढेंच कीं, त्यांच्या हातांत जी लय होती तिची नोंद करण्याची बुद्धि तोंवर लिहित्यावाचत्या समाजास झाली नाहीं. त्यांच्यांत एखादा नाना पानसे नव्हताच, असें कोण छातीठोकपणें म्हणेल ?

म्हणून माझें म्हणणें असें. थोर वादक कोणता हा वाद खुशाल घालावा. पण त्याला चार प्रश्न जोडावे. त्यानें वाद्याची शक्ति किती वाढविली ? साथ करतांना दुसऱ्याचें गाणें किती उजळलें ? मागें किती हात तयार करून ठेवले ? आणि चौथा प्रश्न आपण स्वतःला विचारावा : ज्यांना आपण ऐकलेंच नाहीं ते यादींतून गळाले, तें कलेच्या उणेपणामुळें कीं आमच्या समाजव्यवस्थेमुळें ?

पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें जाणत्यांनीं द्यावींत. चौथ्याचें थोडेंसें परिमार्जन आपणां सर्वांच्या हातीं आहे. आपल्या घरीं मंगलकार्याला वाजंत्री येतात. त्यांना पैसे देतांना नांव विचारावें, गांव विचारावें, गुरु कोण तेंही विचारावें आणि घरच्या वहींत लिहून ठेवावें. आपलीं नातवंडें हाच वाद घालूं लागतील, तेव्हां त्यांच्यापुढें निदान यादी तरी आमच्याहून मोठी असेल.