मीठ-पाण्याची कुळकथा

आपल्याकडे आजारपणाचं वजन सलाईनवर ठरतं. नुसता ताप येऊन गेला म्हटलं तर कुणी फारसं लक्ष देत नाही. ‘दोन सलाईन लावल्या’ म्हटलं की माणसं उठून भेटायला येतात. अंगात ताकद नाही म्हणून डॉक्टरांकडे स्वतःहून सलाईन मागणारे पेशंट खेड्यात आहेत तसे शहरातही आहेत. त्या साध्या बाटलीत एका लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ असतं, दुसरं काही नाही. तिचं धाकटं भावंड म्हणजे जलसंजीवनीची, अर्थात ओआरएसची पुडी. ती आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळते, आशाताई घरी आणून देतात, आणि बऱ्याच घरांत ती तशीच फडताळात पडून राहते. बाटलीला मान आहे, पुडीला नाही. मात्र दोघींचं कूळ एकच आहे, आणि ते शोधत गेलं की आपण कॉलऱ्याच्या दारात पोचतो.

१८१७ साली बंगालमधून निघालेली कॉलऱ्याची साथ टप्प्याटप्प्याने पसरत १८३१ मध्ये इंग्लंडच्या सन्दरलँड बंदरात शिरली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी डोळे खोल गेलेला, कातडी सुरकुतलेली, निळा-काळा पडलेला दिसे. त्या काळचे डॉक्टर अशा रोग्याची शीर उघडून रक्त काढत. ज्याच्या अंगातून पाणी वाहून चाललंय त्याचं रक्तही काढायचं, हा तेव्हाचा प्रतिष्ठित उपचार होता.

एडिंबरोहून नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा बावीस-तेवीस वर्षांचा आयरिश तरुण सन्दरलँडला गेला आणि त्याने रोग्यांचं रक्त तपासलं. रक्त दाट झालं होतं. त्यातलं पाणी आणि क्षार कमी झाले होते, आणि ते दोन्ही रोग्याच्या जुलाबात सापडत होते. निष्कर्ष सरळ होता: जे गेलंय ते परत द्या. त्याने तसं लॅन्सेट या नियतकालिकात लिहिलं. ते वाचून एडिंबरोजवळच्या लीथ गावच्या थॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ च्या मे महिन्यात खरोखरच तो उपचार करून पाहिला.

त्याची पहिली रोगी एक म्हातारी बाई होती. नाडी लागत नव्हती, बाकीचे उपाय संपले होते. लाटाने तिच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि मीठ व थोडा सोडा विरघळवलेलं पाणी औंसाऔंसाने आत सोडायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग तिचा श्वास सुधारला, डोळ्यांत तेज आलं, थंडगार हातपाय ऊबदार झाले, नाडी परतली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर पाणी आत गेलं होतं. ती आता सावरली असं समजून दमलेला लाटा तिला रुग्णालयातल्या डॉक्टरच्या हवाली करून निघून गेला. तिचे उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, आणि साडेपाच तासांत ती गेली. उपचार बरोबर होता, तो मध्येच थांबला. पाणी जात राहील तोवर भरत राहायला हवं होतं.

साथ ओसरली, लाटा पुढच्याच वर्षी क्षयाने वारला, आणि ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. हिंदुस्थानात तारखातं उभारणारा ओशॉनेसी तो हाच. शिरेतून मीठ-पाणी देण्याची पद्धत पुढे कित्येक दशकं जवळजवळ विस्मरणात गेली. मला वाटतं, त्याचं एक कारण असं की ती का लागू पडते हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

ते सांगण्याची सुरुवात पॅरिसमध्ये क्लोद बेर्नारने केली. १८५० नंतरच्या दशकांत त्याने एक विचार मांडला, ज्यावर आजचं सगळं शरीरशास्त्र उभं आहे. आपल्या शरीरातली पेशी बाहेरच्या हवेत राहत नाही. ती शरीरातल्याच एका द्रवात राहते. बाहेर ऊन असो, थंडी असो, दुष्काळ असो, त्या द्रवाची उष्णता, साखर, क्षार शरीर जवळपास एकसारखे राखतं, म्हणून तर आपण मोकळेपणाने जगात हिंडू शकतो. सत्तर किलोच्या माणसात सुमारे बेचाळीस लिटर पाणी असतं. त्यातलं अठ्ठावीस लिटर पेशींच्या आत आणि चौदा लिटर बाहेर. त्या बाहेरच्या पाण्यातही रक्तद्रव म्हणून फिरणारं जेमतेम तीन लिटर. कॉलऱ्याचा जोर असला की प्रौढ माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. हिशेब वाचकाने स्वतःच करावा.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये जी भिंत आहे ती मेदाच्या रेणूंचा दुपदरी पापुद्रा आहे, जाडी केसाच्या दहा हजाराव्या भागाइतकी. बाहेरच्या पाण्यात सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, भरपूर. आत तो अगदी कमी. पोटॅशियमचं याच्या बरोबर उलट. सोडियम सारखा आत झिरपू पाहतो, आणि त्याला बाहेर काढलं नाही तर त्याच्यामागून पाणी शिरून पेशी फुगेल. हे काम कोण करतं ते डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्यांच्या मज्जातंतूंवर काम करताना शोधलं. पापुद्र्यात बसलेलं एक प्रथिन ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर फेकतं आणि पोटॅशियम आत घेतं. गळक्या होडीतलं पाणी उपसत राहावं तसं हे काम जन्मापासून मरेपर्यंत चालतं. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा यावरच खर्ची पडतो. स्कौ यांना या शोधासाठी १९९७ साली नोबेल मिळालं.

पण बाटलीतलं पाणी कसं असावं, हे त्याआधीच ठरू लागलं होतं. नुसत्या पाण्यात तांबड्या रक्तपेशी फुगून फुटतात. हाम्बुर्गर या डच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मोजून पाहिलं आणि ०.९ टक्के हा आकडा रूढ झाला. लंडनच्या सिडनी रिंगरची गोष्ट याहून रोचक आहे. तो बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात ठेवून चालवत असे, आणि ते छान चाले. मग एकदा ते चालेना. शोध घेतल्यावर कळलं की आधीचं पाणी शुद्ध केलेलं नव्हतंच, ते लंडनच्या नळाचं होतं. त्यात कॅल्शियम होतं, आणि कॅल्शियमशिवाय हृदयाचा स्नायू आकुंचन पावत नाही. रिंगरने १८८३ साली ही गोष्ट जशी घडली तशी छापली. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने त्याच द्रावणात लॅक्टेट घातलं. आज वॉर्डातली सिस्टर ‘आरएल लावा’ म्हणते, त्यातला ‘आर’ हा रिंगर.

बाटलीचं कूळ इथवर. पुडीसाठी मात्र आणखी एक प्रश्न सुटायचा होता. कॉलऱ्याच्या रोग्याला मीठ-पाणी प्यायला दिलं की जुलाब उलट वाढत, म्हणून त्याचं आतडं निकामी झालंय असंच डॉक्टर धरून चालत. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषानेच आतड्यात पाणी साठतं. पेशी मरत नाही, तिचा पापुद्रा शाबूत असतो. ती फक्त क्षार बाहेर टाकत सुटते आणि पाणी त्यांच्यामागे जातं. पुढच्याच वर्षी प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी सांगितलं की आतड्याच्या पेशीला एक वेगळं दार आहे, त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात. कॉलऱ्याचं विष या दाराला हात लावत नाही. मिठासोबत साखर दिली की दोन्ही आत जातात आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ ओढलं जातं.

हेमेंद्रनाथ चटर्जी या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी तर १९५३ मध्येच कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून बरं केल्याचं लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही. शंभूनाथ डे यांचीही हयातीत व्हायला हवी तशी कदर झाली नाही. ज्या बंगालने या रोगात लाखो माणसं गमावली, तिथेच राहून त्याचं कोडं सोडवणाऱ्यांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजमाप करून सिद्ध केलं की पाजलेलं द्रावण पुरतं, शिरेतल्या बाटल्या फार कमी लागतात. पण ते रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून आले, आणि बनगाव इथल्या छोट्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर जमिनीवर उलट्या-जुलाबांत पडलेली माणसं होती. शिरेतून द्यायच्या बाटल्या संपत आल्या होत्या, त्या लावायला पुरेसे हातही नव्हते. त्यांनी कलकत्त्यात बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा हे एका लिटरचं माप धरून भुकटी करवून घेतली. तिच्या प्लास्टिकच्या पिशव्या इस्त्रीने चिकटवून बंद केल्या. ड्रममध्ये द्रावण कालवून रोग्यांच्या आया-बहिणींच्या हाती पेले दिले आणि पाजत राहा म्हणून सांगितलं. सलाईनचा मान त्यांना ठाऊक होता, म्हणून लोकांना त्याचं नाव सांगितलं ‘ओरल सलाईन’. त्यांच्या देखरेखीखाली उपचार घेतलेल्या ३,७०० हून अधिक रोग्यांपैकी ३.६ टक्के दगावले. तशा छावण्यांत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात जात होतं. लाटाचा उपचार जिथे थांबला होता तिथून पुढे तो नातेवाइकांनी चालवला. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी १९८० नंतरच्या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन बायकांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचं पाणी करायला शिकवलं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुडीतलं मीठ आणि साखर दोन्ही कमी केली. आज लिटरच्या पुडीत साडेवीस ग्रॅम भुकटी असते आणि त्यातली साडेतेरा ग्रॅम साखर.

या साडेतेराला महत्त्व आहे. साखर जास्त झाली की पाणी शरीरात जाण्याऐवजी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. बाजारात ओआरएस नावाखाली भलतीच गोड पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या नावाचा असा वापर बंद केला. तेव्हा खोक्यावर मुलाचं हसरं चित्र आहे की नाही ते पाहू नका, जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलंय का ते पाहा. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. बाळ अंगावर पीत असेल तर दूध तोडू नका. रोगी पिऊ शकत नसेल, निपचित पडला असेल, उलट्या थांबत नसतील तर त्याला शिरेतूनच द्यावं लागतं, तिथे वेळ न घालवता दवाखाना गाठा. बाकी सगळ्यांसाठी जुलाब लागल्याबरोबर पुडी फोडा, आणि जुलाब थांबेपर्यंत घोटाघोटाने पाजत राहा.