राळ्याची वाटी : सोलापूरपासून चीनपर्यंत

हातातलं काम चालू राहू द्या, भाजी निवडता निवडता ऐका.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला आणि गप्पा पोरांच्या खाण्यावर आल्या. संध्याकाळ झाली की अकलूजच्या रस्त्यावर चायनीजच्या गाड्या लागतात. मोठ्या कढईखाली जाळ भडकतो, कोबी परतल्याचा वास सुटतो आणि पोरं हट्टाला पेटतात. घरची भाकरी तशीच राहते. आमच्यातल्या एक वयस्कर मावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "का गं, त्या चीनमधल्या बायका रोज हेच रांधत असतील व्हय?"

सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणालाच देता येईना. मग आम्ही वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी गाडीवरच्या चायनीजचं सांगतो. अठराव्या शतकाच्या शेवटी अच्यू नावाचा एक चिनी माणूस कोलकात्याजवळ आला. इंग्रजांकडून जमीन मिळवून त्यानं ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला. आपल्यासारख्या उसाच्या मुलखातल्या बायकांनी हे ध्यानात ठेवावं असंच आहे. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. पुढे कोलकात्यात चिनी लोकांची मोठी वस्ती झाली. त्याच कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आचारी झाले. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात एका गिऱ्हाइकानं त्यांच्याकडे काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आपल्याच पद्धतीनं आलं, लसूण, हिरवी मिरची परतली, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला. तेच मांचुरियन. म्हणजे हा पदार्थ आपल्या मुंबईत जन्मला. चीनमधल्या एखाद्या खेड्यातल्या बाईपुढे ठेवला, तर तीही विचारील की हे काय आहे!

मग तिचं रोजचं जेवण कसं असतं? आपल्यासारखंच, दोन भागांचं. एक भाग धान्याचा, त्याला ते 'फान' म्हणतात. दुसरा भाग तोंडी लावण्याचा, तो 'त्साय'. पोट भरायचं ते धान्यानं. भाजी, टोफू, मासळी, मांस हे त्याच्या जोडीला. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. आपण 'भाकरी खाल्ली का' असं विचारतो तेव्हा कालवण त्यात धरलेलंच असतं, तसंच हे. आणि गंमत बघा, जुन्या चालीची चिनी माणसं वाटेत भेटली की 'जेवलात का?' असंच विचारतात. ज्या मुलखानं दुष्काळ पाहिलाय, तिथं खुशाली पोटावरूनच विचारली जाते.

दक्षिण चीनमध्ये भात, तर उत्तरेला गहू आणि भरड धान्यं. भाज्या आणि मांस बारीक चिरून मोठ्या आचेवर झटपट परतायचं, ही त्यांची रीत. त्याचं एक कारण असं सांगतात की सरपण कमी होतं. बारीक चिरलं की जळण वाचतं, आणि ताटात सुरीही लागत नाही, दोन काड्यांनी उचलता येतं. भाताची वाटी ज्याची त्याची, पण भाज्या मधोमध ठेवायच्या आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायच्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय इतरांनी सुरू करायचं नाही. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मेलेल्या माणसापुढे उदबत्त्या तशा लावतात. आपल्याकडे पिंडाला भात लागतो म्हणून ताटात भाताची मूद कशी वाढायची याचेही नियम होतेच की! माणूस कुठलाही असो, जेवताना मरणाची आठवण नको असते.

आता आपल्या जिल्ह्याचा धागा सांगतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. जन्म १९१० चा. जपाननं चीनवर हल्ला केला, तेव्हा चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. १९३८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून बोटीनं निघालं, त्यात कोटणीस होते. चौघे पुढेमागे परत आले, कोटणीस आले नाहीत. १९४१ साली ते उत्तर चीनमध्ये डॉ. बेथून यांच्या नावानं चाललेल्या दवाखान्याचे प्रमुख झाले. तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच त्यांचा अंत झाला. वय फक्त ३२. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही काढला.

ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण हा भाकरीच्या मुलखातला माणूस तिथं चार वर्षं काय खात होता, हे कुणी सांगत नाही. ज्या सैन्याबरोबर ते राहिले, त्याचं रोजचं धान्य होतं राळा. होय, आपला राळा. भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर आणि मिसळीच्या भाजीबरोबर ज्याचा भात करतो, तोच बारीक पिवळा दाणा. चिनी लोक त्याला 'शाओमी' म्हणतात. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या हातात शाओमी कंपनीचा मोबाइल आहे. त्या नावाचा अर्थ राळाच!

राळा तिकडे किती जुना? कोटणीस ज्या हपै प्रांतात वारले, त्याच प्रांतात त्सशान नावाची जागा आहे. तिथं ८,००० वर्षांहून जुनी धान्याची पेवं उकरून निघाली, त्यात राळा-वऱ्याच्या जातीच्या धान्याचे अवशेष सापडले. मंगळवेढ्याकडे ज्वारी पेवात ठेवायचे ते आपल्याला ठाऊकच आहे. तशीच जमिनीखाली धान्य राखायची अक्कल तिथल्या माणसांना तेव्हाच होती. ज्वारीचा प्रवास उलटा. ती मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडे आली आणि पुढे चीनमध्येही पोचली. चिनी लोकांनी तिला नाव दिलं 'काओल्यांग', म्हणजे उंच वाढणारा राळा. धान्याला ना सरहद्द ठाऊक, ना पासपोर्ट.

१९४२ साली त्या भागात लढाईबरोबर दुष्काळ पडला. माणसं झाडपाल्यावर आली. तेव्हा सैन्याच्या सेनापतीनं हुकूम काढला की गावाजवळच्या झाडांची पानं सैनिकांनी तोडायची नाहीत, ती गावकऱ्यांना खायला राहू द्यायची. पानांसाठी हुकूम काढावा लागला, यावरून हाल किती असतील ते समजा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या १९७२ चा दुष्काळ सांगतात. खडी फोडायचं काम, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली, त्या हे हुकमाचं ऐकून हसणार नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोटणीसांना मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. चीनमध्ये बाळंतिणीला महिनाभर घराबाहेर पडू देत नाहीत, गार पाण्यात हात घालू देत नाहीत. उत्तरेकडे तिला राळ्याची पातळ पेज देतात, गुळासारखी तांबडी साखर घालून, जोडीला अंडी. आपला सव्वा महिना, आपली हळिवाची खीर, डिंकाचे लाडू आठवले ना? ती पेज आजही देतात. शहरात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलीलाही तिची आई पेज करून घालते.

पण सगळंच गोड नव्हतं. तिकडच्या जुन्या घरांतही पाहुणे आले की पुरुष टेबलाशी बसायचे आणि रांधणारी बाई चुलीपाशी, उरलेलं खायची. काही खेड्यांत ही रीत फार उशिरापर्यंत टिकली. जिनं रांधलं तिला शेवटी आणि कमी, ही गोष्टही दोन्ही मुलखांत सारखीच. ती मात्र मिरवण्यासारखी नाही.

आता आपल्या राळ्याचं काय झालं ते बघू. आमच्या आज्या सांगतात, पूर्वी कोरडवाहू रानात बाजरी-तुरीबरोबर राळ्याच्या चार ओळी असायच्या. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. उसाचे पैसे एकदम हातात येतात, राळ्याला बाजार नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. म्हणून राळा गेला. आणि खरं सांगायचं तर तो गेल्याचं दुःख घरातल्या बायकांना फारसं झालं नाही. राळ्याचं टरफल काढायला उखळ-मुसळ घेऊन कांडत बसावं लागायचं, हाताला फोड यायचे. ते कष्ट सुटले. म्हणून आम्ही कुणाला दोष देत नाही, आणि 'जुनं ते सोनं' असंही म्हणत नाही.

मात्र एक फरक आम्हाला टोचला. आपल्याकडे राळा वर्षातून एका दिवसापुरता, भोगीच्या मानापुरता उरला. दुकानातून मूठभर आणायचा, शिजवायचा, संपलं. तिकडे तो रोजच्या सकाळच्या पेजेत आणि बाळंतिणीच्या वाटीत राहिला. राजांची नावं आणि लढायांची सालं पुस्तकात राहतात. रोजच्या जेवणाचा इतिहास मात्र बायकांच्या हातात असतो. एका पिढीनं मुलीला शिकवलं नाही की तो पुसला जातो. राळ्याचा भात किती पाण्यात बसतो, हे आमच्या गटातल्या वीस जणींपैकी तिघींनाच सांगता आलं. तिघीही साठीच्या पुढच्या.

आता कांडायला यंत्रं निघाली आहेत, उखळाची गरज नाही. म्हणून आमच्या गटानं एक ठरवलं आहे. भोगीचा राळा या वर्षी एक किलो जास्त आणायचा. गटात कुणाची लेक-सून बाळंत झाली की तिला आठवडाभर राळ्याची पेज, गूळ घालून. आणि ती पेज तिनं गरम असताना, सगळ्यांच्या आधी प्यायची. पोरांना गाडीवरचं मांचुरियन कधीमधी खाऊ द्या, तेही आपल्याच मुंबईचं आहे. फक्त घरात राळ्याचा वासही त्यांना ओळखीचा असू द्या.

तुमच्याकडून एक हवं आहे. तुमच्या गावात राळा शेवटचा कधी पेरला होता, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. भात, पेज, खीर, जे काही त्या करत असतील ते पाण्याच्या मापासकट वहीत उतरवून घ्या. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. आपण ते रेडिओवर वाचू, त्यांच्या नावासकट.